सहा वाकडी भोकं, एक ॲडजस्टेबल कटर: बेसा रोडवरच्या हॉलचं प्रकरण

नागपूरच्या बेसा रोडवरचं रो हाउस, बारा बाय सोळाचा हॉल. वर जिप्सम बोर्डची सपाट फॉल सीलिंग आणि पंख्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, असे सहा लाइट. सीलिंगवाल्याने काम चोख केलं होतं. सांधे दिसत नव्हते, लेव्हलही बरोबर होती. वाट लागली ती भोकांमुळे. आधीच्या वायरमनने तीन इंची कॉब लाइटसाठी (एका जागी झोत टाकणारे छोटे एलईडी) पेन्सिलने गोल काढले, एक्सा ब्लेडचा, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा, तुकडा चिंधीत गुंडाळला आणि हातानेच कापत गेला. भोकं अंडाकृती झाली, कडेचा कागद सोलला गेला आणि तीनपैकी मधला लाइट दोन्ही रांगांत बाजूला सरकला. एका कोपऱ्यात तर ब्लेड बोर्डच्या वरच्या, सांगाड्याच्या पत्र्याला जाऊन भिडलं. तिथे त्याने सरळ कापून काम संपवलं, म्हणून ते भोक इंग्रजी डी अक्षरासारखं झालं. लाइटची रिंग कशीबशी झाकत होती, पण एका बाजूने काळी फट दिसायचीच.

वरून घरच्यांना ते कॉब लाइटही नको होते. सोफ्यावर बसलं की डोळ्यांत जातात आणि टेबलावर मात्र उजेड नाही. त्यांनी १२ वॅटचे गोल पॅनेल लाइट आणले. डब्यावर कटआउट, म्हणजे बोर्डमध्ये पाडायचं भोक, १५५ मिमी आणि बाहेरची रिंग १७० मिमी. एकाने त्यांना सांगितलं होतं की हॉलचे अर्धे बोर्ड उतरवून नवे लावावे लागतील. अक्षय्य तृतीयेला वास्तू ठरलेली. त्या कामात आम्ही शिरलो ते असे.

माझं मत पहिल्या पाहणीतच झालं: बोर्ड उतरवायची गरज नाही. जुनं भोक ८० ते ८५ मिमीचं आणि नवं १५५चं. म्हणजे नवं वर्तुळ जुन्याला पोटात घेऊन वर जागा उरते. जुन्या भोकाची त्रिज्या वेडीवाकडी धरून ४२, नव्याची साडेसत्याहत्तर. मधला फरक ३५ मिमीचा. थोडी कड सोडली तरी नवा मध्य जुन्या मध्यापासून ३० मिमीपर्यंत कुठेही नेता येतो आणि जुनं वाकडं भोक त्यात पूर्ण गडप होतं. रांग सरळ करायला एवढी मोकळीक पुरते. लाइट मोठे आणल्यामुळे दुरुस्ती सोपी झाली, हे घरच्यांना पटायला मात्र जरा वेळ लागला.

साध्या होल सॉने का नाही

बाजारात मिळणारे, कडेला दाते असलेल्या वाटीसारखे बायमेटल होल सॉ सहसा इंचाच्या मापात येतात. चार इंच म्हणजे १०२ मिमी, साडेचार म्हणजे ११४, सहा म्हणजे १५२. लाइटवाले कटआउट मिमीत आणि आपल्या मर्जीने ठेवतात. हॉलमध्ये १५५, पॅसेजमधल्या छोट्या लाइटला १०५. १०२च्या भोकात लाइट अडकतो, मग कानस घेऊन घासायचं आणि घासलं की कड पुन्हा फाटायची. ११४ केलं तर रिंगला बसायला दोन्ही बाजूंनी जेमतेम जागा राहते. प्रत्येक कंपनीच्या लाइटसाठी वेगळी वाटी घेत बसणं आमच्यासारख्या छोट्या ठेकेदाराला परवडत नाही.

म्हणून आम्ही ॲडजस्टेबल कटर वापरला. त्यात मधे ६ मिमीचं पायलट ड्रिल (वर्तुळाचा मध्य धरून ठेवणारं), आडवी दांडी आणि दांडीवर मागेपुढे सरकणारी दोन पाती असतात. वर प्लास्टिकचा पारदर्शक घुमट, धूळ अडवायला. दांडीवर आकडे कोरलेले असतात, पण काही कटरवर ते व्यासाचे असतात आणि काहींवर त्रिज्येचे, शिवाय पात्याची कुठली कड धरायची तेही प्रत्येकाचं वेगळं. म्हणून दांडीवरच्या आकड्याने फक्त अंदाज घ्यायचा. खरं माप भंगारातल्या बोर्डच्या तुकड्यावर भोक पाडून, टेप आडवी आणि उभी लावून घ्यायचं आणि शेवटी लाइटच त्यात घालून बघायचा. आमच्या कटरवर १५५ला लावलं तर भोक जरा मोठं यायचं, ते सरकवून बरोबर केलं.

दोन्ही पाती मध्यापासून सारख्याच अंतरावर हवीत. एक पातं पुढे-मागे असेल तर बाहेरचं एकटंच कापतं, दुसरं नुसतं फिरतं, मशीन हाताला झटके देते आणि पायलटचं भोक रुंदावत जातं. जिप्सम मऊ असतो. एकदा पायलट हलला की वर्तुळाचा मध्य गेलाच. पात्यांचे स्क्रू ॲलन कीने पक्के आवळायचे, आणि दोन-तीन भोकांनंतर पुन्हा एकदा तपासायचे.

वर काय आहे ते आधी

कापायला एक-दोन मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो वर काय दडलंय ते शोधण्यात. जिप्सम सीलिंगचा सांगाडा सहसा असा असतो: ८० मिमी रुंदीचे पत्र्याचे सीलिंग सेक्शन ४५७ मिमीच्या, म्हणजे दीड फुटाच्या अंतरावर, त्यांच्यावर आडवे इंटरमीडिएट चॅनेल साधारण १२२० मिमीवर, आणि भिंतीकडेने पेरिमीटर चॅनेल. खाली १२.५ मिमीचा बोर्ड २५ मिमीच्या स्क्रूने सेक्शनला पकडलेला. सेक्शनचा पत्रा जेमतेम अर्धा मिमीचा, पण कटरचं पातं त्याला लागलं की दांडी तिथेच अडकते आणि मशीन मनगट पिळते. शिडीवर उभ्या माणसासाठी हा प्रकार वाईट.

सेक्शन शोधायला मोठा खर्च लागत नाही. दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक सीलिंगवरून फिरवलं की पुट्टीखालचे स्क्रू पकडतात. स्क्रूंची ओळ मिळाली की सेक्शनची मध्यरेषा मिळाली, आणि तिथून दीड फुटावर पुढची. आम्ही सगळ्या रेषा पेन्सिलने काढून घेतल्या. आता हिशेब: सेक्शनची अर्धी रुंदी ४०, भोकाची त्रिज्या साडेसत्याहत्तर, आणि पातं नि लाइटच्या स्प्रिंगसाठी थोडी मोकळी जागा. म्हणजे नवा मध्य सेक्शनच्या मध्यरेषेपासून किमान १३ सेंटिमीटर लांब हवा. सहापैकी चार भोकांना हे सहज जमत होतं. डी आकाराच्या भोकाचा मध्य सेक्शनपासून जेमतेम ८ सेंटिमीटरवर होता. तिथे कितीही सरकवलं तरी जमणार नव्हतं. त्याच्या समोरचं, दुसऱ्या रांगेतलं भोक थोडं बरं होतं, पण तेही काठावरच.

सेक्शनची कड कापून टाकू, असं एकाने सुचवलं. सीलिंगवाले हे सर्रास करतात आणि मला ते मुळीच पटत नाही. एका लाइटसाठी सांगाडा तोडला की तिथला बोर्ड पुढेमागे झुकतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात सांधा उघडतो. आम्ही ठरवलं ते असं: कोपऱ्यातली ही दोन भोकं कायमची बुजवायची आणि लाइट अर्धा फूट आत, दोन सेक्शनच्या बरोबर मधे घ्यायचे. मधले लाइट त्यांच्या मोकळिकीएवढे त्याच दिशेला सरकवायचे. रांगेच्या लांबीत एका लाइटचं अंतर वीतभर कमी-जास्त असलं तरी खाली बसलेल्याला कळत नाही. आडव्या दिशेने लाइट बोटभर सरकला तर दारातून आत येतानाच दिसतो. त्यामुळे लांबीकडे सैल हात ठेवला आणि रुंदीकडे लाइन दोरी ताणून मिलिमीटर पाळला.

दुसरी काळजी वायरची. वरच्या पोकळीत वायरमनने पाइप टाकलेला असतो, नाहीतर वायर सरळ बोर्डच्या पाठीवर पसरलेल्या असतात. इथे पसरलेल्या होत्या. आणि कटरचं पायलट पात्यांच्या इंचभर पुढे असतं, म्हणजे पाती बोर्डला टेकायच्या आत ड्रिल पलीकडे पोचलेलं असतं. एमसीबी बंद करणं तर आलंच. जुनं भोक असेल तिथे हात घालून वायर बाजूला सारायची आणि हुकाने सेक्शनला बांधायची. नवं भोक असेल तिथे आधी बारीक छिद्र पाडायचं, त्यातून काटकोनात वाकवलेली जाड तार घालायची आणि गोल फिरवायची. तारेचा वाकवलेला भाग ९ सेंटिमीटर ठेवला की १५५च्या भोकाला पुरून उरतो. तार पूर्ण फिरली तर वर्तुळ मोकळं. अडली तर कुठे अडली तेही समजतं.

भोकात भोक

जुनं भोक मोठं करायला घेतलं की पायलटला धरायला काहीच नसतं, मधे नुसती हवा. पायलटशिवाय कटर टेकवला तर तो सीलिंगभर नाचतो आणि रंगावर चरे पाडतो. आमच्या वायरमनला ते माहीत होतं, तरी तो म्हणालाच, "भाऊ, धरून ठेवतो न मी, काऊन एवढं करून राहिले?" त्याला शिडीवरून खाली बोलावलं.

उपाय प्लायचा. १२ मिमी प्लायची पट्टी, १२० मिमी लांब आणि ५० रुंद. तिच्या बरोबर मध्यावर एक लांब स्क्रू अर्धवट पिळायचा, तोच तिची मूठ. पट्टी तिरकी करून जुन्या भोकातून वर न्यायची, आडवी करायची आणि मुठीने खाली ओढून बोर्डच्या पाठीला चिकटवायची. मुठीचा स्क्रू जिथे उभा तिथेच नवा मध्य. तो लाइन दोरीखाली आणला की पट्टीच्या दोन्ही टोकांत खालून बोर्डमधून एकेक ड्रायवॉल स्क्रू मारायचा आणि मधला काढून टाकायचा. त्याचंच छिद्र पायलटला वाट दाखवतं.

इथे दोन बारकावे आहेत. पट्टीचा कुठलाही कोपरा मध्यापासून ६५ मिमीच्या पुढे जात नाही आणि पाती साडेसत्याहत्तरवर फिरतात, म्हणून ती प्लायला किंवा स्क्रूला लागत नाहीत. पट्टी याहून लांब घेतली तर पातं प्लाय कापत बसेल. दुसरं, मध्य ज्या दिशेला सरकवलाय त्या दिशेशी पट्टी काटकोनात, आडवी लावायची. सरकवलेल्या दिशेने जुन्या भोकाची एक कड नव्या वर्तुळाच्या अगदी जवळ येते. तिथे स्क्रू मारला तर जिप्समचा तुकडाच पडतो. आडव्या बाजूंना दोन्हीकडे सारखा आणि पुरेसा बोर्ड मिळतो.

कापून झालं की बोर्डचं कडं, पट्टी आणि दोन स्क्रू असं सगळं एकत्र पायलटवर अडकून खाली येतं. घरातल्या लहान मुलांना ही कडी फार आवडली.

वेग, धूळ आणि कूलर

साधी इम्पॅक्ट ड्रिल मशीन रिकामी फिरते तेव्हा २८०० फेऱ्यांच्या आसपास असते. १५५ मिमीच्या वर्तुळावर त्या वेगाने पात्याचं टोक ताशी ऐंशीच्या वर जातं. कागद कापला जाण्याऐवजी फाटतो, घुमट थरथरतो आणि धूळ कडेने उडते. आम्ही बॅटरीची मशीन पहिल्या गिअरवर लावली, साडेचारशेच्या आत फेऱ्या. तेच टोक आता सायकलच्या वेगाने, ताशी तेराच्या आसपास चालतं. हॅमर बंद, हे सांगायलाच नको, पण मशीन दुसऱ्याच्या हातातून घेतली की आधी ते बटण बघावं.

पायलट पूर्ण आत गेलं की पाती बोर्डला टेकायच्या आधी मशीन फिरती करायची. पहिल्या चार-पाच फेऱ्यांना दाब द्यायचाच नाही. पात्यांनी फक्त रंग आणि कागद कापायचा, पातळ गोल रेषा उमटली पाहिजे. जिप्सम बोर्डची ताकद त्याच्या कागदात असते, मधला पांढरा भाग नखानेही उकरतो. समोरचा कागद स्वच्छ कापला गेला तर कड टिकते. रेषा पूर्ण झाली की हळूहळू दाब वाढवायचा. आवाज बदलतो, आधी कुरकुर आणि मग घोगरा. पाठीमागच्या कागदाशी पोचलं की पुन्हा हात हलका, नाहीतर शेवटचा पापुद्रा तुटताना मोठा तुकडा ओढून नेतो. मागची कड झाकलेली असते म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नये. पॅनेल लाइटचे दोन्ही स्प्रिंग तिच्यावरच टेकतात. ती भुरभुरीत असेल तर स्प्रिंग हळूहळू रुततात आणि सहा महिन्यांत लाइट एका बाजूने खाली लोंबतो.

घुमट निम्म्याहून जास्त धूळ धरतो, सगळी नाही. कापून झालं की मशीन तशीच उभी धरून खाली उतरायचं आणि घुमट पोत्यात रिकामा करायचा. घाईने तिरकी केली की सगळं डोक्यावर. चष्मा आणि मास्क लागतोच. जिप्समची धूळ मैद्यासारखी बारीक असते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात घरात कूलर चालू. कूलरच्या झोतात ही धूळ स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि वर कूलरच्या ओलसर हवेने फरशीला चिकटून बसते. काकूंना कूलर थोडा वेळ बंद ठेवा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मे महिन्यात कूलर बंद? पोट्टे उकडून जातीन न जी!" त्यांचंही बरोबर होतं. सीलिंगच्या उंचीवर, स्लॅबखाली, दुपारी शिडीवर उभं राहणं आम्हालाही नकोच होतं. म्हणून कापायचं सगळं काम पहाटे सहाला, दारं-खिडक्या उघडून, कूलर-पंखे बंद ठेवून. ऊन चढायच्या आत कापणं संपवायचं आणि पुसून मोकळं व्हायचं.

बुजवायची दोन

क्रम महत्त्वाचा. आधी शेजारचं नवं भोक पाडलं, कारण बुजवायच्या भोकामागे प्लायचा आधार सरकवायला हात त्याच नव्या भोकातून जातो. समोरच्या रांगेतलं भोक कटरने ९५ मिमीचं स्वच्छ गोल करून घेतलं, तिथे सेक्शन पात्यांपासून लांब होता. मग भंगार बोर्डमधून त्याला बसणारी चकती काढली. चकतीसाठी मात्र पाती तीच ठेवून चालत नाही. पात्याची जाडी चकतीतून जाते, त्यामुळे ९५च्या मापाने कापलेली चकती ८९च्या जवळपास भरते आणि भोवती मोठी फट राहते. प्रत्येक पातं दोन मिमीला थोडं कमी, इतकं बाहेर घेतलं की चकती साडेब्याण्णवच्या आसपास येते. भोवतीची मिमीभर फट सांधे भरायच्या जॉइंट कंपाउंडला आत शिरायला हवीच असते. आधाराच्या प्लायला चार स्क्रू मारले, वर कंपाउंड, कागदी टेप आणि पुन्हा कंपाउंड.

डी आकाराच्या भोकाला गोल कटर चालणारच नव्हता, पातं सेक्शनवर आपटलं असतं. तिथे कटर बाजूला ठेवला, सुरीने चौकोन आखला आणि सेक्शनच्या मधोमध रेषा घेतली. चौकोनी तुकड्याची एक बाजू सेक्शनलाच स्क्रूने पकडली, उरलेल्या बाजू प्लायला. ज्या पत्र्याने भोक बिघडवलं त्याचाच आधार मिळाला. या बुजवलेल्या चौकोनाच्या आणि नव्या भोकाच्या मधे बोर्डची पट्टी अरुंद राहिली, म्हणून लाइट बसवताना त्याचे स्प्रिंग त्या दिशेला न ठेवता आडवे फिरवले.

कंपाउंडचे थर घाईत एकावर एक चढवू नयेत. आपल्याकडे उन्हाळ्यात वरचा थर तासाभरात हाताला कोरडा लागतो पण आतला ओलाच असतो, आणि मग महिन्याने केसासारखी भेग येते. आम्ही प्रत्येक थराला रात्र दिली.

कुठे हा कटर चालला नाही

याच घरात मागच्या खोलीत जुनी पीओपीची सीलिंग होती, आत कोंबडी-जाळी. काकांना वाटलं, मशीन आलीच आहे तर तिथेही दोन भोकं पाडून घ्या. नकार दिला. पातं जाळीच्या तारेत अडकतं, पीओपीचे ढलपे निघतात आणि भोकाभोवतीचा सगळा भागच सैल होतो. तिथे बारीक छिद्रांची गोल रांग पाडून, ठोकून, जाळी पकडीने कापावी लागते, आणि कड पुन्हा पीओपीने बांधावी लागते. बाथरूममध्ये सिमेंट फायबरचा बोर्ड होता. तो जिप्समची पाती एका भोकात बोथट करतो. त्याला कार्बाइडच्या टोकाची पाती लावून, आणखी सावकाश कापलं. पॅसेजमध्ये एक लाइट भिंतीच्या इतका जवळ मागितला होता की घुमटच भिंतीला टेकत होता. घुमट काढून कापणं धोक्याचं, म्हणून लाइट चार बोटं आत घ्यायला लावला.

हॉलचे सहाही लाइट रिंग सपाट बसून लागले. लाइन दोरीला एकही बाहेर नव्हता. कडेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवला आणि पाणी घातलेल्या प्रायमरचा ब्रश आतल्या कडेला मारला, भुगा पडू नये म्हणून. रंगाचं मात्र जुळलं नाही. बुजवलेल्या दोन जागांवर त्याच कंपनीचा, त्याच शेडचा पांढरा मारला तरी ठिपके वेगळे दिसत होते, जुना पांढरा वर्षभरात पिवळटला होता. शेवटी पूर्ण सीलिंगला एक हात द्यावा लागला आणि तो खर्च घरच्यांनी आधी धरला नव्हता. पाऊस सुरू झाल्यावर एकदा जाऊन पाहिलं. चौकोनी ठिगळाच्या एका कडेला, संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की, बारीक उंचवटा दिसतो. गोल चकती कुठे होती ते काकूंना विचारलं तर त्यांना सापडलं नाही. चौकोनाची ती कड दिवाळीच्या रंगात पुन्हा घासून देऊ, असं ठरलंय.